नावातच तीन चुका असलेला आजार : गुदाशयातला ‘एकटा’ व्रण



अमरावती-अकोला रस्त्याने बसमधून जाताना भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती तुम्ही नक्की पाहिल्या असतील. ‘मूळव्याध, भगंदर, फिशर – विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज.’ शौचाला जाताना रक्त पडलं की आपल्याकडे माणूस आधी स्वतःच निदान करतो : मूळव्याध. मग कुणी मलम आणतं, कुणी चूर्ण घेतं, कुणी जाहिरातीतला पत्ता शोधतं. बऱ्याच वेळा ती मूळव्याध असतेही. पण काही वेळा रक्त वेगळ्याच जागेतून येत असतं, आणि कारणही वेगळंच असतं.

आज आपण अशाच एका दुर्लक्षित आजाराबद्दल बोलू. त्याचं नाव सॉलिटरी रेक्टल अल्सर सिंड्रोम, म्हणजे गुदाशयातला एकटा व्रण. पेटची तयारी करणाऱ्या किंवा नुकतंच कोर्सवर्क सुरू केलेल्या तुमच्यासारख्यांसाठी हा विषय मी मुद्दाम घेतला. आजाराची व्याख्या कशी घडते, कारण कसं शोधतात, उपचाराचा पुरावा किती पक्का आहे हे कसं ओळखायचं, हे सगळं या एका उदाहरणात शिकता येतं. एक गोष्ट आधीच सांगते : मी विज्ञानाची संशोधक विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही. त्रास असेल तर हा लेख वाचून औषध ठरवू नका. तपासणी कधी करायची ते शेवटी लिहिलं आहे.

नाव एक सांगतं, आजार दुसरं

पॅरिसचे शरीररचनातज्ज्ञ झाँ क्रूव्हेलिए यांनी १८२९ मध्ये गुदाशयातल्या अशा व्रणांचं वर्णन केलं. त्यानंतर शंभरेक वर्षं हा विषय जवळपास पडूनच होता. १९६९ मध्ये मॅडिगन आणि मॉर्सन यांनी ६८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि सूक्ष्मदर्शीखाली हा आजार कसा दिसतो ते नीट मांडलं. तेव्हापासून त्याची स्वतंत्र ओळख पक्की झाली.

नावाचं मात्र गडबडच झालं. ‘सॉलिटरी’ म्हणजे एकटा, पण अनेक रुग्णांत एकापेक्षा जास्त व्रण असतात. ‘अल्सर’ म्हणजे व्रण, पण कित्येकांत व्रणच नसतो. नुसता लालसर पट्टा किंवा गाठीसारखा उंचवटा दिसतो. ‘रेक्टल’ म्हणजे गुदाशयातला, पण क्वचित तो वर, मोठ्या आतड्याच्या खालच्या भागातही सापडतो. १९९२ मध्ये त्जांड्रा आणि सहकाऱ्यांनी ८० रुग्णांची माहिती छापली. त्यांत ४४ टक्के रुग्णांमध्ये गाठीसारखा भाग होता, २७ टक्क्यांत नुसतं सुजलेलं लाल अस्तर, आणि खरा व्रण फक्त २९ टक्क्यांत. त्याच अभ्यासात २६ टक्के लोकांना काही लक्षणच नव्हतं.

आता विचार करा. ‘व्रण दिसला तरच रुग्ण घ्यायचा’ असा निकष तुम्ही तुमच्या अभ्यासात ठेवला, तर या आकड्यांनुसार दहापैकी सात रुग्ण तुमच्या हातून निसटतील. म्हणून संशोधनात समावेशाचा निकष हा पहिला निर्णय असतो. नावावरून निकष ठरवायचा नाही, आजाराच्या मुळाशी काय घडतं त्यावरून ठरवायचा. १९८३ मध्ये दु बुले, फेअरब्रदर आणि आयझॅकसन यांनी हेच केलं. हा व्रण आणि त्याच्यासारखे दिसणारे इतर विकार यांना त्यांनी ‘म्यूकोझल प्रोलॅप्स सिंड्रोम’ या एका छत्राखाली आणलं. म्यूकोझा म्हणजे आतड्याचं आतलं अस्तर आणि प्रोलॅप्स म्हणजे खाली घसरणं. या नावात निदान कारण तरी आहे.

आत नेमकं होतं काय?

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग. त्याच्या खालच्या टोकाला प्यूबोरेक्टॅलिस नावाचा स्नायू गोफणीच्या पट्ट्यासारखा मागून वेढा घालतो आणि गुदाशय पुढे ओढून धरतो. त्यामुळे तिथे एक कोन तयार होतो. एरवी तो कोन मळ धरून ठेवायला मदत करतो. शौचाला बसल्यावर हा स्नायू सैल पडायला हवा, म्हणजे कोन सरळ होतो आणि वाट मोकळी होते.

काही जणांत नेमकं उलटं होतं. जोर लावताना स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आवळतो. संत्र्याच्या बागेत ठिबकची नळी दुमडली असताना पंप चालू केला तर काय होईल? पाणी पुढे जाणार नाही, मागचा दाब मात्र वाढत राहील. इथेही तसंच. माणूस कुंथत राहतो, दाब वाढतो, वाट बंदच. मग आतलं अस्तर खाली घसरतं, कधी शर्टाची बाही उलटी होते तसं स्वतःच्याच आत शिरतं.

घसरलेल्या अस्तरावर तीन संकटं एकदम येतात. एक, आवळलेल्या स्नायूवर ते घासलं जातं. दोन, दाबामुळे आणि ताणामुळे त्याच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, रक्तपुरवठा कमी होतो. तीन, मळ निघत नाही म्हणून काही जण बोट घालून तो काढायचा प्रयत्न करतात आणि तिथे थेट इजा होते. हा व्रण बहुतेक वेळा गुदद्वारापासून ५ ते १० सेंटिमीटर आत, पुढच्या भिंतीवर असतो. घसरण आणि घासणं तिथेच जास्त होत असल्याचं हे गृहीतक सांगतं, त्यामुळे ही जागा त्याच्याशी जुळते.

स्नायूंचा हा दोष १९७४-७५ च्या सुमारास रटर आणि रिडेल यांच्या कामातून पुढे आला. रटर यांनी स्नायूंतल्या विजेच्या लहरी मोजून दाखवलं की जोर लावताना हा स्नायू शांत होत नाही. त्याआधी व्रण फक्त दिसत होता. मोजमाप आल्यावर ‘का’ हा प्रश्न विचारता आला.

सूक्ष्मदर्शीखालची खूण

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा भाग नीट वाचावा. आतड्याच्या अस्तरात वर नळीसारख्या ग्रंथी असतात, त्यांच्यामध्ये सैलसर संयोजी ऊती असते (लॅमिना प्रोप्रिया) आणि खाली स्नायूचा एक पातळ थर (मस्क्युलॅरिस म्यूकोझी). या आजारात तो पातळ थर जाड होतो आणि त्याचे तंतू ग्रंथींच्या मधून वर चढतात, जसं कुंपणाच्या फटींतून गवत वर येतं. सैल ऊतीची जागा स्नायूतंतू आणि कोलॅजन घेतात. मॅसन ट्रायक्रोम रंग दिला की स्नायू लाल आणि कोलॅजन निळं किंवा हिरवं दिसतं, त्यामुळे हा बदल स्पष्ट ओळखता येतो.

हे महत्त्वाचं का? कारण दुर्बिणीतून पाहिलं तर हा आजार कर्करोगासारखा दिसू शकतो, आणि कधी अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन, अमीबाचा संसर्ग किंवा क्षयासारखाही. काही वेळा ग्रंथी अस्तराखाली दबून तिथे चिकट द्रवाची तळी तयार होतात. अननुभवी नजरेला ती श्लेष्मा तयार करणाऱ्या कर्करोगासारखी वाटू शकतात. चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. साधा व्रण कर्करोग समजला तर माणसाचा गुदाशय विनाकारण कापला जाऊ शकतो. कर्करोग साधा व्रण समजला तर हातातला वेळ निघून जातो. म्हणून बायोप्सीशिवाय हे निदान पक्कं मानत नाहीत, आणि बायोप्सी व्रणाच्या मधल्या मेलेल्या भागातून न घेता कडेच्या अस्तरातून घ्यावी लागते.

रुग्ण काय सांगतो?

रक्त, शेंबडासारखी चिकट आव, ओटीपोटाच्या खाली जडपणा, आणि सगळ्यात ओळखीचं वाक्य : “पोट साफच होत नाही जी, दहा डाव जावं लागते.” इथे गंमत अशी की त्या माणसाला वाटतं आत मळ उरला आहे. प्रत्यक्षात सुजलेलं, घसरलेलं अस्तरच त्याला ‘भरल्यासारखं’ वाटत असतं. म्हणून तो पुन्हा जातो, पुन्हा कुंथतो, अस्तर आणखी घसरतं. चक्र सुरूच राहतं.

याचा एक व्यवहारी अर्थ आहे. रुग्णाला हे चक्र समजावून सांगणं हाच उपचाराचा पहिला भाग.

उपचार : व्रणाचा की सवयीचा?

पहिली पायरी सवयीची. कुंथायचं नाही. संडासात दहा मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही, मोबाइल बाहेर ठेवायचा. ‘उरल्यासारखं’ वाटलं म्हणून लगेच पुन्हा जायचं नाही. बोट घालायचं नाही. खाली बसायच्या संडासात तो कोन आपोआप जास्त सरळ होतो. खुर्चीसारख्या कमोडवर बसणाऱ्यांनी पायाखाली छोटा पाट घेतला तरी फायदा होऊ शकतो.

दुसरी पायरी तंतुमय आहार आणि पाणी. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम तंतू असतात, मैद्यात जेमतेम ३. भाकरीची जागा टोस्ट-बिस्किटांनी घेतली तर फरक कुठे पडतो ते इथे दिसतं. इसबगोल पाणी शोषून फुगतं आणि मळ मऊ करतं. पण ते भरपूर पाण्यासोबतच घ्यायचं असतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. अशा वेळी घामावाटे पाणी जातं, आणि कमी पाण्यात घेतलेलं इसबगोल उलट अडकू शकतं. तंतूही एकदम न वाढवता हळूहळू वाढवायचे, नाहीतर पोट फुगतं.

तिसरी पायरी बायोफीडबॅक. गुदाशयात दाब मोजणारी नळी ठेवून रुग्णाला पडद्यावर त्याच्या स्नायूचा आलेख दाखवतात. जोर लावताना स्नायू आवळतोय की सैल पडतोय हे त्याला डोळ्यांनी दिसतं आणि सैल सोडायचा सराव होतो. फुग्याची साधी चाचणीही असते : साधारण ५० मिलिलिटर पाण्याने भरलेला फुगा गुदाशयात ठेवायचा आणि तो किती वेळात बाहेर टाकता येतो ते पाहायचं. साधारणपणे एका मिनिटात जमायला हवं.

पूर्ण गुदाशयच बाहेर येत असेल, किंवा हे सगळं करूनही त्रास थांबत नसेल, तर रेक्टोपेक्सीसारख्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्यात घसरणारा गुदाशय वर ओढून बसवतात. नुसता व्रण कापून काढला तर तो परत येण्याची शक्यता राहते, कारण घसरण तशीच असते. छत गळत असताना फक्त भिंतीला रंग दिल्यासारखं आहे ते.

पुरावा कसा वाचायचा?

आता तुमचं काम. उपचारांवरचे लेख वाचताना तीन गोष्टी पाहा.

*तुलना कोणाशी?* १९९१ मध्ये काश्मीरमधल्या झरगर आणि सहकाऱ्यांनी सुक्रालफेट औषधाच्या एनिमाचे चांगले परिणाम छापले. कल्पना छान होती, पण रुग्ण बोटावर मोजण्याइतके होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. रुग्ण डॉक्टरकडे येतो तो त्रास सगळ्यात जास्त असताना. त्यानंतर काहीही केलं नाही तरी सरासरी त्रास थोडा उतरतोच. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. तुलनेचा गट नसेल, तर औषधाचा गुण आणि हा उतार वेगळे करता येत नाहीत.

*नमुना किती?* २००४ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या जॅरेट आणि सहकाऱ्यांनी १६ रुग्णांना बायोफीडबॅक दिलं. १२ जणांनी बरं वाटल्याचं सांगितलं. म्हणजे ७५ टक्के. पण नमुना १६ चा असताना ९५ टक्के विश्वास-अंतर सुमारे ५० ते ९० टक्के येतं. कागद-पेन घेऊन स्वतः काढून बघा. ‘७५ टक्के’ हा आकडा एकटा वाचला तर तो आहे त्यापेक्षा फार पक्का वाटतो.

*मोजलं काय?* याच अभ्यासाची चांगली बाजू इथे आहे. त्यांनी ‘बरं वाटतंय का’ एवढंच विचारलं नाही, तर गुदाशयाच्या अस्तरातला रक्तप्रवाह लेसरच्या साहाय्याने मोजला आणि उपचारानंतर तो सुधारल्याचं दाखवलं. आपण वर पाहिलेल्या कारणसाखळीतली एक कडी, म्हणजे कमी रक्तपुरवठा, त्यांनी थेट तपासली. तुलनेचा उपचार-गट नसतानाही अशा मोजमापामुळे अभ्यासाला वजन येतं. अर्थात व्रण भरणं, रक्तप्रवाह सुधारणं आणि रुग्णाला बरं वाटणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्रच घडतील असं गृहीत धरू नका.

हा अभ्यास आपल्याकडे करायचा झाला तर?

समजा तुम्हाला अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत या आजारावर काम करायचं आहे. सगळ्यात आधी आकडेमोड करा. पुस्तकांत वर्षाला लाखात एक असा ढोबळ अंदाज सापडतो. २०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८.८८ लाख आणि अकोल्याची १८.१४ लाख होती, मिळून ४७ लाख. म्हणजे अंदाजे वर्षाला ४७ नवे रुग्ण.

बरे वाटतात ना? आता चाळण्या लावा. गृहीत धरू, सरावासाठी, की चारपैकी एकच जण तज्ज्ञाकडे पोचतो. त्यांतल्या निम्म्यांची दुर्बीण-तपासणी होते. त्यांतल्या निम्म्यांची बायोप्सी होते. ४७ चे १२, १२ चे ६, ६ चे ३. तीन वर्षांच्या पीएचडीत नऊ रुग्ण! यावर दोन उपचारांची तुलना होणार नाही. प्रस्तावात ‘१०० रुग्ण घेऊ’ असं लिहिण्याआधी हे गणित केलं तर पुढची दोन वर्षं वाचतात.

मग काय करता येईल? प्रश्न बदला. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागात गुदाशयाच्या जुन्या बायोप्सी जपलेल्या असतात. गेल्या दहा वर्षांच्या स्लाइड काढून, दोन तज्ज्ञांनी एकमेकांचं मत न पाहता पुन्हा वाचायच्या. ‘दाह’ किंवा ‘अनिश्चित’ म्हणून नोंदलेल्यांपैकी किती नमुन्यांत ती स्नायूतंतूंची खूण आहे? दोघांचं मत किती जुळतं हे कॅप्पा या मापाने काढायचं. खर्च कमी, रुग्णाला नवा त्रास नाही, आणि ‘आपल्याकडे हा आजार निसटतो का’ या प्रश्नाचं खरं उत्तर मिळतं. जुन्या स्लाइड असल्या तरी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागतेच. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचा. पुढे कधी उपचाराची चाचणी केलीत, तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर नोंदणी करावी लागते.

आणि रुग्णांशी बोलणार असाल तर भाषेकडे लक्ष द्या. ‘आपणास अपूर्ण मलविसर्जनाची जाणीव होते का?’ असा प्रश्न दर्यापूरच्या आजीबाईंना विचारला तर त्या “काय म्हणता बापा?” म्हणतील, आणि तुमच्या तक्त्यात ‘नाही’ भरलं जाईल. मळाचा प्रकार विचारायला १९९७ चा ब्रिस्टल तक्ता सोयीचा, त्यात सात प्रकारांची चित्रं आहेत. बोट घालून मळ काढावा लागतो का, हा प्रश्न तर खासगीतच विचारायला हवा, आणि बायांना बाईनेच विचारलेला बरा. सासू शेजारी बसली असताना खरं उत्तर येणार नाही. विदा खराब होण्याची कितीतरी कारणं प्रयोगशाळेच्या बाहेर असतात.

तपासणी कधी?

शौचावाटे रक्त पडत असेल तर वय कितीही असो, एकदा तरी डॉक्टरांना दाखवा. वजन उतरणं, रक्तक्षय, शौचाच्या सवयीत अचानक बदल, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं किंवा वय चाळिशीच्या पुढे असणं, यांपैकी काही असेल तर अजिबात थांबू नका. खूप रक्त जात असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि तपासणी न करता ‘मूळव्याधच आहे’ म्हणून कुणी इंजेक्शन किंवा ऑपरेशन सुचवलं, तर एवढं जरूर विचारा : “डॉक्टरसाहेब, आतून बघितलं का?”

पुढच्या लेखापर्यंत एक गृहपाठ. तुमच्या विषयातला कोणताही एक ‘सिंड्रोम’ किंवा एखादी रूढ संज्ञा घ्या आणि तीन प्रश्न विचारा. नाव जे सांगतं ते किती टक्के वेळा खरं असतं? कारण मोजलं गेलंय की मानलं गेलंय? आणि माझ्या जिल्ह्यात त्याचे नमुने मला वर्षाला किती मिळतील? उत्तरं एका पानावर लिहा. संशोधन प्रस्तावाचं पहिलं पान बऱ्याचदा असंच तयार होतं.